साथीचा फ्लू आणि पोटातलं बाळ: पहिले दोन दिवस वाया घालवू नका

२००९ च्या ऑगस्टमधला बुधवार होता. दुपारची ड्युटी संपवून मी कोपरीच्या घरी येऊन चपला काढत होते, तेवढ्यात घणसोलीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, ताप उतरत नाहीये आणि आता दमही लागतोय." तिला आठवा महिना होता. मी म्हटलं, "अगं, आठव्या महिन्यात दम लागतोच. उशांना टेकून बस आणि काढा चालू ठेव." असं सांगणारी मी शेजारपाजारची कुणी नव्हते. पालिकेच्या एका प्रसूतिगृहात सोळा वर्षं बाळंतपणं केलेली सिस्टर होते.

तिला ताप आला होता सोमवारी. जवळच्या डॉक्टरांनी "व्हायरल आहे, पोटुशीला कडक औषध नको" म्हणून फक्त तापाच्या गोळ्या दिल्या होत्या. शुक्रवारी पहाटे तिचे ओठ निळसर दिसायला लागले, तेव्हा घरच्यांनी तिला रुग्णालयात नेलं. स्वाइन फ्लूचं औषध पाचव्या दिवशी सुरू झालं. रविवारी, २३ तारखेला, घरोघरी गणपती आले तेव्हा ती व्हेंटिलेटरवर होती. बहीण वाचली. बाळ पोटातच गेलं.

आता माझ्या सुनेला सहावा महिना आहे. रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीला कामाला जाते. तिच्यासाठी मी घरात जे जे करून ठेवलं आहे, तेच इथे लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरी बुधवारच्या त्या फोनला माझ्यासारखं उत्तर दिलं जाणार नाही.

आधी हे समजून घ्या

फ्लूची जागतिक साथ म्हणजे नेहमीचा सर्दी-ताप जोरात येणं नव्हे. विषाणू इतका बदललेला असतो की बहुतेकांच्या शरीराची त्याच्याशी आधी ओळखच झालेली नसते. अशी साथ आली की गरोदर बायका जास्त गंभीर आजारी पडतात, हे शंभर वर्षांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. १९१८ च्या साथीत अमेरिकेत १,३५० आजारी गरोदर बायकांची माहिती जमवली गेली. त्यातल्या जवळपास निम्म्या बायकांना न्यूमोनिया झाला आणि न्यूमोनिया झालेल्यांपैकी निम्म्या दगावल्या. २००९ मध्ये तिथल्या लोकसंख्येत गरोदर बायका साधारण १ टक्का होत्या, पण स्वाइन फ्लूच्या मृत्यूंत त्यांचा वाटा ५ टक्के होता.

कारण गर्भाशय वाढतं तसा छाती आणि पोट यांच्यामधला पडदा वर ढकलला जातो, चार सेंटिमीटरपर्यंत. श्वास सोडल्यानंतर फुप्फुसात जी हवा शिल्लक राहते, ती सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होते. उलट प्राणवायूची गरज तेवढ्याच हिश्श्याने वाढलेली असते. हृदय आधीच जास्त रक्त फिरवत असतं. बाळाला परकं मानून शरीराने त्याच्यावर चाल करू नये म्हणून प्रतिकारशक्तीचीही घडी बदललेली असते. म्हणजे शिल्लक कमी आणि खर्च जास्त. फुप्फुसात थोडी सूज आली तरी हिशेब कोलमडतो, आणि तो भराभर कोलमडतो. धोका शेवटच्या तिमाहीत सगळ्यात जास्त असतो आणि बाळंतपणानंतरही साधारण दोन आठवडे राहतो. दमा, मधुमेह, रक्तदाब, जास्त वजन किंवा हृदयाचा त्रास असेल तर आणखी जपायला हवं.

बाळाचं म्हणाल तर पहिल्या तीन महिन्यांत चढलेला जोराचा ताप बाळाच्या मेंदू-मणक्याच्या घडणीला त्रास देऊ शकतो. पुढच्या महिन्यांत आई गंभीर आजारी पडली तर दिवस भरण्याआधी कळा येणं, बाळाचं वजन कमी राहणं, पोटात बाळ दगावणं हे धोके वाढतात. म्हणून "औषधाने बाळाला त्रास होईल" ही भीती उलटी आहे. बाळाला त्रास होतो तो ताप अंगावर काढल्याने आणि आईचा प्राणवायू कमी पडल्याने.

साथ येण्याआधी: एक सकाळ यासाठी काढा

पहिलं काम लसीचं. फ्लूची टोचायची लस मेलेल्या विषाणूची किंवा त्याच्या तुकड्यांची असते, त्यामुळे लसीने फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखाद दिवस अंग कसकसतं, एवढंच. गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात ती घेता येते. नाकात फवारायची लस जिवंत विषाणूची असते, ती मात्र गरोदरपणात चालत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात आणि नंतर थंडीच्या शेवटी असे फ्लूचे दोन भर येतात, म्हणून पावसाआधी लस घेतलेली बरी. राहिली असेल तर पावसात घ्या, पण घ्या. ती दरवर्षी बदलते, त्यामुळे मागच्या बाळंतपणातली आता उपयोगाची नाही. राज्यात गरोदर बायकांना सरकारी रुग्णालयांतून ही लस मोफत दिली गेलेली आहे, तेव्हा खासगीत पैसे भरण्याआधी जिथे नाव नोंदवलं आहे तिथे आणि जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. आणखी एक फायदा: आईच्या रक्तातली संरक्षक द्रव्यं नाळेतून बाळाला मिळतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, तोवर त्याच्याकडे आईने दिलेलंच संरक्षण असतं.

अगदी नवा विषाणू आला तर मात्र नेहमीची लस त्याच्यावर चालेलच असं नाही, आणि नवी लस तयार व्हायला काही महिने लागतात. ती आली की गरोदर बायकांचा नंबर आधी असतो, तेव्हा मागे राहू नका. २००९ चा एच१एन१, म्हणजे तोच स्वाइन फ्लू, कुठे गेलेला नाही. तो आता दरवर्षीच्या फ्लूमध्ये मिसळला आहे आणि नेहमीच्या लसीत त्याच्यावरचा उपाय असतो. सुनेला यंदा लस टोचायला मी नेलं नाही. माझी बहीण घणसोलीहून येऊन तिला घेऊन गेली. मी अडवलं नाही.

दुसरं काम फाइलचं. नाव नोंदवल्यावर मिळते त्या फाइलच्या पहिल्या पानावर मी जाड पेनाने लिहून ठेवलं आहे: किती आठवडे, रक्तगट, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर, रात्रीचा नंबर. त्याखाली दोन रुग्णालयांची नावं आहेत, आणि निवडताना मी एकच प्रश्न विचारला: "गरोदर बाईला न्यूमोनिया झाला तर तुमच्याकडे आयसीयू आणि लेबर रूम एकाच ठिकाणी आहे का? लहान बाळाचं आयसीयू आहे का?" पुष्कळ छोट्या नर्सिंग होममध्ये बाळंतपण छान होतं, पण व्हेंटिलेटर नसतो. हे आधी कळलं तर रात्री दोन वाजता एका दारातून दुसऱ्या दारात फिरावं लागत नाही. आमच्या भागात पालिकेचं मोठं रुग्णालय कळव्याला आहे, नवी मुंबईकरांना वाशीला आहे. तिथे आधी एकदा जाऊन दार कुठलं, केस पेपर कुठे निघतो ते पाहून या.

तिसरं काम डब्याचं. आमच्याकडे स्टीलच्या एका डब्यात थर्मामीटर, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं आणि मास्क आहेत. ऑक्सिमीटर घरात सगळ्यांनी एकदा वापरून पाहा. नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर आकडा फसवतो, हात गार असेल तरीही. बोट मिनिटभर न हलवता ठेवायचं आणि मग वाचायचं.

साथ सुरू झाली की

गर्दी टाळणं म्हणायला सोपं आहे. ठाण्याच्या दहा नंबर फलाटावर सकाळी साडेआठला उभं राहिलेल्या बाईला ते सांगण्यात काय अर्थ? म्हणून जमेल ते करा. कामाच्या ठिकाणी डॉक्टरांची चिठ्ठी देऊन घरून काम मागा, ती मेहेरबानी नव्हे. ते जमणारं नसेल तर गर्दीची वेळ सोडून निघा, दाराजवळ वारा येतो त्या बाजूला बसा आणि नाकावर नीट बसणारा मास्क लावा. गाडीतून उतरल्यावर हात धुवेपर्यंत तोंडाला हात नको.

घरात कुणी आजारी पडलं तर त्याची खोली वेगळी, खिडक्या उघड्या, आणि त्याची सेवा करायला दुसरं कुणीतरी. आपल्याकडे नवरा आजारी पडला की पोटुशी बायकोच उशाशी बसते. तसं करू नका, सासूबाई रागावल्या तरी. आणि ताप नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. जवळचा संपर्क झाला असेल तर आजार होऊ नये म्हणून फ्लूवरचं औषध कमी डोसात काही दिवस द्यायचं की नाही, हे ते ठरवतात.

डोहाळजेवण साथीच्या दिवसांत घरच्या पाच-सात जणींत करा. हॉलमध्ये शंभर बायका ओटी भरायला जवळ येतात, प्रत्येकीचा श्वास तुमच्या चेहऱ्यावर येतो. हौस महत्त्वाची आहे, मलाही आहे. फुलांचा साज घरातही घालता येतो.

ताप आला: घड्याळ लावा

ताप, खोकला, घसा दुखणं, अंग मोडून येणं, कधी उलट्या-जुलाब. साथीच्या दिवसांत गरोदर बाईला यातलं काही सुरू झालं की ती वेळ फाइलवर लिहा, तारीख आणि तास दोन्ही. इथून पुढचे ४८ तास सगळ्यात मोलाचे आहेत.

याचं कारण सांगते. फ्लूवरचं औषध ओसेल्टामिविर, लोक टॅमीफ्लू म्हणतात ते, विषाणूला पेशीतून बाहेर पडून पसरू देत नाही. विषाणू सगळीकडे पसरल्यावर त्याचा उपयोग कमी होत जातो. २००९ मध्ये अमेरिकेत आजारी पडल्याची नोंद झालेल्या गरोदर बायकांचा हिशेब केला, तेव्हा पहिल्या दोन दिवसांत औषध मिळालेल्यांपैकी सुमारे ९ टक्के बायकांना आयसीयूत जावं लागलं. चार दिवसांनंतर मिळालेल्यांत हेच प्रमाण ५७ टक्के होतं. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले, तेव्हा कागद खाली ठेवून बराच वेळ बसून होते.

तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि सरळ विचारा: "मी गरोदर आहे, साथ चालू आहे, ओसेल्टामिविर सुरू करायचं का?" चाचणीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू असं कुणी म्हणालं, तर आदराने पण ठामपणे सांगा की केंद्र सरकारच्या एच१एन१ च्या सूचनांत गरोदर बाई जास्त जोखमीच्या गटात धरली आहे, आणि सौम्य लक्षणं असली तरी या गटाला चाचणीसाठी न थांबता औषध द्यावं असं त्यात म्हटलं आहे. नमुना द्यायचा असेल तर द्या, पण पहिली गोळी त्यासाठी अडवू नका. मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस असा असतो. तुमचा डोस डॉक्टर लिहून देतील. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी थांबवू नका. गरोदरपणात हे औषध घेतलेल्या हजारो बायकांच्या अभ्यासात बाळांमध्ये व्यंग वाढल्याचं दिसलेलं नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये ते दुकानात मिळत नव्हतं, ठरावीक रुग्णालयांतूनच मिळायचं. आज चिठ्ठीवर मेडिकलमध्ये मिळतं. आणि ४८ तास उलटून गेले असले तरी "आता काय उपयोग" म्हणू नका. गरोदर बाईला उशिरानेही देतात.

ताप १००.४ च्या वर गेला की पॅरासिटामॉल घ्या, दोन डोसांमध्ये चार ते सहा तासांचं अंतर ठेवून, दिवसाला किती ते डॉक्टरांना विचारून. कॉम्बिफ्लामसारख्या गोळ्यांत आयब्युप्रोफेन असतं, ती नको. ॲस्पिरिन मनाने नको. पण डॉक्टरांनी रक्तदाबासाठी रोज छोटी ॲस्पिरिन दिली असेल तर ती मनाने बंदही करू नका, विचारा. सर्दीच्या तयार गोळ्या आणि मेडिकलवाल्याने दिलेलं अझिथ्रोमायसिन नको, विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही.

घाम यावा म्हणून तीन-तीन गोधड्या पांघरायला घालतात, ते थांबवा. त्याने अंगातला ताप वाढतो आणि बाळही तापतं. पंखा मंद लावा, सुती गाउन घाला, कोमट पाण्याने कपाळ, मान, हात पुसा. आलं-तुळशीचा चहा प्या, घशाला बरं वाटतं, पण त्याला औषध समजू नका, आणि काढ्यात ज्येष्ठमध भरपूर टाकू नका. वाफ घ्यायची तर उकळतं पातेलं मांडीजवळ धरू नका, पोट भाजलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. श्रावणातले उपास यंदा सोडा. पेज, मऊ भात, ताक, नारळपाणी थोडं थोडं घेत राहा. लघवी गडद झाली किंवा सहा-आठ तास झालीच नाही तर पाणी कमी पडतंय. झोपताना डाव्या कुशीवर, पाठीवर सपाट नको.

दम कोणता?

मी जिथे चुकले ती हीच जागा, म्हणून इथे जरा थांबते.

गरोदरपणाचा दम आठवड्या-आठवड्याने वाढतो. जिना चढताना लागतो, बसलं की दोन मिनिटांत शांत होतो. त्याच्याबरोबर ताप नसतो, खोकला नसतो. बसल्या जागी बोलताना वाक्य तुटत नाही. आजाराचा दम काल नव्हता आणि आज आहे. बसलेलं असताना लागतो, पडलं की वाढतो, बोलता बोलता मध्ये श्वास घ्यावा लागतो.

माझी साधी खूण अशी: तिला स्वतःचा पूर्ण पत्ता एका दमात सांगायला लावा. नाव, इमारत, गल्ली, स्टेशन. मध्ये दोनदा थांबली तर फोन उचला. मग तिला न सांगता तिच्या पोटाकडे बघत मिनिटभर श्वास मोजा. सांगून मोजलं की माणूस श्वास बदलतो. गरोदरपणात श्वास खोल होतो, पण त्यांची संख्या फारशी वाढत नाही. मिनिटाला २० च्या वर जात असतील तर डॉक्टरांना लगेच फोन करा. ३० च्या आसपास असतील तर फोनवर वेळ न घालवता रुग्णालय गाठा. ऑक्सिमीटर ९५ च्या खाली दाखवत असेल तरीही. कोविडच्या वेळी ९४, ९३ हे आकडे कानांवर पडून पडून आपल्याला सवय झाली आहे, पण पोटातलं बाळ आईच्या प्राणवायूवरच जगतं, म्हणून इथे ९५ धरा. आणि आकडा चांगला आहे पण बाई बरी दिसत नाही, तर बाईवर विश्वास ठेवा.

छातीत दुखणं, गुंगी किंवा बडबड, चक्कर येऊन पडणं, ओठ-नखं निळसर होणं, पॅरासिटामॉल देऊनही ताप न उतरणं, ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढणं, पोटात थांबून थांबून कळा येणं, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. सातव्या महिन्यानंतर बाळाच्या हालचालींकडे लक्ष द्या. डाव्या कुशीवर पडून हात पोटावर ठेवा. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत किंवा नेहमीपेक्षा बाळ गप्प वाटलं, तर तेवढ्यासाठीही जा. उगाच गेलात तर लेबर रूममधलं कुणी हसत नाही.

१०८ ला फोन केलात तर पहिल्या वाक्यात सांगा: "गरोदर आहे, अमुक महिना, फ्लूसारखा ताप, श्वास लागतोय." रिक्षाने निघालात तर वाटेतून रुग्णालयाला कळवा, म्हणजे मास्क लावून वेगळ्या दाराने घेतील आणि बाकीच्या गरोदर बायकांमध्ये बसवणार नाहीत. फाइल सोबत हवी. तिथे छातीचा एक्स-रे सांगितला तर "बाळाला किरण लागतील" म्हणून नाही म्हणू नका. पोट झाकून काढतात आणि बाळापर्यंत पोचणारा भाग नगण्य असतो. न दिसलेला न्यूमोनिया त्याहून कितीतरी वाईट. असा वेळ घालवणारे नातेवाईक मी पाहिले आहेत, सगळे प्रेमापोटीच करत होते.

बाळ झाल्यावर

बाळंतपण झालं की घरचे निश्चिंत होतात, पण पुढचे दोन आठवडे ताप आला तर वरचं सगळं तसंच लागू आहे. बाळंतिणीचा ताप दुधाच्या गाठींचा किंवा पिशवीच्या जंतुसंसर्गाचाही असू शकतो. म्हणून घरी अंदाज बांधत बसू नका, दाखवा.

आईला फ्लू असला तरी अंगावरचं दूध बंद करायचं नाही. विषाणू दुधातून जात नाही, श्वासातून जातो. हात साबणाने धुवून, मास्क लावून पाजा. फार थकवा असेल तर दूध काढून वाटी-चमच्याने दुसऱ्या कुणी पाजावं. ओसेल्टामिविर चालू असतानाही पाजता येतं. बाकी वेळ बाळाचा पाळणा खिडकीजवळ, आईपासून पाच-सहा फुटांवर ठेवा. बारसं पुढे ढकललं तरी चालतं. सर्दी झालेल्या पाहुण्यांना दारातच थांबवा, मग ती सख्खी आत्या असली तरी. बाळाने दूध ओढायचं कमी केलं, ते सुस्त पडलं, ताप आला किंवा श्वास घेताना बरगड्या आत जाताना दिसल्या तर लगेच बालरोगतज्ज्ञ. इतक्या लहान बाळाच्या बाबतीत फोनवर सल्ला विचारण्यातही वेळ घालवू नका, उचला आणि निघा.